राजांचे मास्तर : धार आणि देवास येथील गुरुशिष्य



माळव्याच्या नकाशावर इंदूर मध्यभागी धरले, तर पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरांवर धार लागते आणि ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटरांवर देवास. दोन्ही गावे मराठी माणसाला परकी नाहीत. पहिल्या बाजीरावाच्या काळात नर्मदा ओलांडून गेलेल्या पवारांनी ह्या दोन्ही ठिकाणी गाद्या स्थापन केल्या. देवासात तर तुकोजी व जिवाजी ह्या दोघा भावांच्या वंशांत एकाच गावाची वाटणी झाली. एक थोरली पाती, एक धाकटी पाती, आणि दोन राजे एका टेकडीखाली नांदू लागले. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. परंतु आज मी आपणांशी बोलणार आहे ते ह्या गाद्यांच्या लढायांविषयी किंवा तहांविषयी नव्हे. ह्या दोन गावांत शिकवणारा आणि शिकणारा ह्यांच्यामधल्या नात्याच्या काही विलक्षण नोंदी राहून गेल्या आहेत. मी शाळामास्तर असल्यामुळे इतिहास वाचताना माझे लक्ष सेनापतीपेक्षा राजाच्या मास्तराकडे आधी जाते, हा व्यवसायाचा दोष म्हणा.

विद्यार्थ्याने शिक्षकावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुलाने काय शिकावे हे शिक्षक ठरवतो, त्याला गुण शिक्षकच देतो आणि त्याच्याविषयी वरिष्ठांना व पालकांना कळवणाराही शिक्षकच असतो. ज्याच्या हाती आपली परीक्षा आहे त्याच्यापाशी आपले अज्ञान उघडे करणे ही लहान गोष्ट नव्हे. शिष्य जर राजा असेल, तर हे कोडे दुप्पट होते. कारण तेथे कोणाची सत्ता कोणावर चालते हेच कळेनासे होते.

आधी धारेकडे वळू. १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले ह्यांच्या प्रयत्नांमुळे तेथील एका शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष गेले. भोजशाळा आणि कमाल मौला मशीद ह्या नावांनी जी वास्तू ओळखली जाते, तीत तो सापडला. त्या वास्तूवरून उद्भवलेला वाद आपल्या विषयाबाहेरचा आहे. आपल्याला पाहावयाचे आहे ते दगडावर काय कोरले होते ते. त्यावर राजाची वंशावळ नव्हती, दानपत्रही नव्हते. एक संस्कृत नाटिका होती! तिचे नाव ‘पारिजातमंजरी’, दुसरे नाव ‘विजयश्री’. चार अंकांपैकी पहिले दोन आज उपलब्ध आहेत. उरलेले दोन अंक ज्या शिलेवर असतील ती शिला हाती लागलेली नाही. नाटिकेचा कर्ता मदन, उपाधी ‘बालसरस्वती’; आणि नायक परमार राजा अर्जुनवर्मा, म्हणजे मदनाचा प्रत्यक्ष शिष्य. तेराव्या शतकाच्या आरंभी, १२११ ते १२१५ ह्या वर्षांतील ह्या राजाची तीन दानपत्रे मिळाली आहेत, तीही राजगुरू मदनानेच रचलेली आहेत.

नाटिकेचे कथानक तसे नाजूक आहे. अर्जुनवर्म्याने गुजरातच्या राजाचा पराभव केला, त्या वेळी आकाशातून पारिजाताची मंजरी त्याच्या वक्षःस्थळावर पडली आणि स्पर्शासरशी तिची एक सुंदरी झाली. पुढे राणी, विदूषक, वसंतोत्सव, राणीच्या कर्णभूषणात दिसणारे नायिकेचे प्रतिबिंब, असा नाटिकेला साजेसा सगळा संसार आहे. आपला मास्तर आपल्यावर नाटक लिहितो, ते नगरीत वसंतोत्सवाला होते आणि वर दगडात कोरले जाते, असे भाग्य कोणत्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते? पण शंका घेणारा म्हणेल, ही गुरूची माया नव्हे, ही पोटाची भाषा आहे. राजगुरूचे वेतन शिष्याच्या खजिन्यातून येते. तो स्तुती करणार नाही तर काय करील?

शंका रास्त आहे. म्हणून दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहावा लागतो. अर्जुनवर्मा स्वतः लेखक होता. अमरुशतकावर त्याने ‘रसिकसंजीवनी’ नावाची टीका लिहिली, आणि ती संस्कृतच्या अभ्यासकांत आजही वाचली जाते. ह्या टीकेत तो आपल्या उपाध्यायाचे म्हणून मदनाचे श्लोक उदाहरणादाखल देतो. येथे राजाला कोणाची भीड नव्हती. पदरच्या पंडिताचा उल्लेख न करता पुढे गेला असता, तरी त्याला कोणी विचारले नसते. परंतु शृंगाराच्या एका नाजूक काव्याचा अर्थ लावताना त्याला आपल्या शिक्षकाचे शब्द आठवले आणि ते त्याने नावानिशी नोंदवले. गुरूने शिष्याचे केलेले कौतुक मला तितकेसे पटत नाही. पण शिष्याने ग्रंथात केलेला हा उल्लेख मला पटतो.

आणि ही साखळी मदनापाशी थांबत नाही. मदनाला काव्यशास्त्र कोणी शिकवले? आशाधर नावाच्या जैन पंडिताने. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांनंतर सपादलक्ष देश, म्हणजे अजमेरकडचा मुलूख, सोडून हा मनुष्य कुटुंबासह धारेस आश्रयाला आला. मंडलगढ हे त्याचे मूळ गाव. धारेत येऊन त्याने स्वतः महावीर नावाच्या पंडितापाशी व्याकरण व न्याय ह्यांचे अध्ययन केले, आणि पुढे तो दुसऱ्यांना शिकवू लागला. अर्जुनवर्म्याच्या राज्यात तो धारेहून मांडूकडे जाताना लागणाऱ्या नालछे गावी जाऊन राहिला, आणि ‘धर्मामृता’सारखे ग्रंथ त्याने लिहिले. ह्या ग्रंथांच्या प्रशस्तीत आशाधराने आपण कोणाला काय शिकवले ते सांगितले आहे: अमक्याला व्याकरण, तमक्याला तर्क, आणि बालसरस्वती मदनाला काव्य. गुरूचे नाव शिष्याने घ्यावे ही आपली रीत. शिष्यांची नावे गुरूने अभिमानाने नोंदवावीत हे तितकेसे आढळत नाही. शिवाय आशाधर जैन, तर मदन वैदिक परंपरेतला, गौड देशातून आलेल्या घराण्यातला. निर्वासित जैन श्रावकाने एका ब्राह्मण कवीला काव्य शिकवावे, त्याने राजाला शिकवावे, आणि राजाने टीकाग्रंथ लिहावा, अशी ही मालिका आहे. ह्यात कोणी कोणाचा धर्म बदलू पाहिल्याची खूण नाही. माझ्या मते विश्वासाचे हेच पहिले लक्षण होय: शिकवणाऱ्याला शिष्याकडून शिकण्याखेरीज दुसरे काही नको असते, आणि शिष्याला ते कळते.

आता मध्ये सातशे वर्षे टाकून आपल्याला देवासला जायचे आहे. पण वाटेत थोडा मुक्काम बडोद्यास आणि धारवाडास करावा लागेल.

इंग्रजी अमलात संस्थानिकांच्या मुलांचे शिक्षण हा सरकारच्या काळजीचा विषय झाला होता. अल्पवयीन राजा म्हणजे रिकामी पाटी, तिच्यावर आपल्याला हवे ते लिहावे, असा सरळ हिशेब. राजकोट, अजमेर, इंदूर येथे राजपुत्रांची विद्यालये निघाली, आणि त्याखेरीज निवडक राजांना स्वतंत्र इंग्रज शिक्षक नेमण्याची प्रथा पडली. हा शिक्षक बहुधा सनदी नोकर असे. तो गणित व इंग्रजी शिकवी, घोड्यावरून रपेट करवी, राज्यकारभाराची कागदपत्रे समजावून देई, आणि अर्थातच सरकारला अहवाल पाठवी. १८७५ मध्ये कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या सयाजीरावांना एफ. ए. एच. इलियट हे असेच शिक्षक मिळाले. मुलाला तोवर अक्षरओळखही नव्हती. १८८१ च्या अखेरीस त्याच मुलाच्या हाती बडोद्याचा कारभार आला, आणि १९०६ मध्ये त्याने आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. इलियट पुढेही बडोद्याच्या नोकरीत जमीनमोजणीच्या कामावर राहिले, आणि ही जवळीक इंग्रज अधिकाऱ्यांना फारशी रुचली नाही. सरकारला शिक्षक हवा होता, पण शिष्याच्या बाजूने बोलणारा शिक्षक नको होता.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे शिक्षण १८८९ पासून धारवाडास एस. एम. फ्रेझर ह्यांच्या हाताखाली झाले. १८९४ मध्ये त्यांनी राज्यसूत्रे घेतली. हेच फ्रेझर नंतर म्हैसूरच्या कृष्णराज वडियार ह्यांचे शिक्षक झाले. दोन्ही शिष्य पुढे नामवंत राज्यकर्ते ठरले हे आपण जाणतोच. फ्रेझर ह्यांच्या पद्धतीविषयी पुष्कळ सांगता येईल. पण आपल्याला शाहू महाराजांचा संबंध हवा आहे तो वेगळ्या कारणाने. १९०८ मध्ये त्यांनी आपली कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, देवासच्या थोरल्या पातीच्या तरुण राजाला दिली. तो राजा म्हणजे तिसरे तुकोजीराव पवार, आणि त्यांचे शिक्षक होते माल्कम डार्लिंग.

तुकोजीरावांचा जन्म १ जानेवारी १८८८ चा. १८९९ मध्ये, अकराव्या वर्षी, ते दत्तक म्हणून गादीवर आले. इंदूरचे डेली कॉलेज आणि अजमेरचे मेयो कॉलेज ह्या राजपुत्रांच्या शाळांतून त्यांचे शिक्षण झाले. १९०७ मध्ये डार्लिंग त्यांचे शिक्षक व पालक म्हणून देवासला आले तेव्हा शिष्य १९ वर्षांचा होता आणि शिक्षक होता अवघा २६ वर्षांचा. हे वयाचे अंतर ध्यानात घ्यावे. मास्तर आणि विद्यार्थी ह्यांच्यात सात वर्षांचेच अंतर असले, तर एक तर नुसती दंडेली होते, नाही तर मैत्री होते.

डार्लिंग ईटन येथील शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकले होते. १९०४ मध्ये ते सनदी नोकरीत येऊन पंजाबात रुजू झाले. किंग्ज कॉलेजची त्या काळची एक रीत येथे सांगितली पाहिजे, कारण देवासची गोष्ट तिच्याशिवाय उलगडत नाही. तेथे गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन, नॅथॅनिएल वेड असे काही अध्यापक होते, जे विद्यार्थ्यांना आपल्या खोलीवर बोलावीत, शेगडीभोवती बसून त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालीत, त्यांची मते खरोखर ऐकत. मैत्री ही तेथे जवळजवळ धर्मासारखी मानली जाई. ज्याला तरुणपणी असे शिक्षक लाभले, त्याला स्वतः शिक्षक झाल्यावर दुसरी तऱ्हा सुचत नाही. उलट पंजाबातील गोऱ्यांच्या बहुतेक क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, आणि नेटिवांशी दोस्ती करू नये हेच नव्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून सुचवले जाई. देवासला येताच डार्लिंग ह्यांना एका हिंदी घरात, हिंदी माणसाच्या रोजच्या सहवासात राहण्याची संधी मिळाली.

ह्या सहवासातून जे निर्माण झाले त्याला नोकरी म्हणता येत नाही. १९०८ मध्ये राजाला पूर्ण अधिकार मिळाले, डार्लिंग ह्यांची नेमणूक संपली, ते पंजाबात परतले. सरकारी दृष्टीने काम पुरे झाले. पण नाते तुटले नाही. १९०९ मध्ये डार्लिंग ह्यांनी विवाह केला. त्यांच्या पत्नी जोसी ह्याही ह्या स्नेहात सामावल्या गेल्या. दोघांत पत्रे चालू राहिली, भेटी चालू राहिल्या. १९१२ च्या नाताळात ही मंडळी देवासला जमली, तेव्हा डार्लिंग ह्यांचा कॉलेजातला मित्र, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर, हाही तेथे होता. गुरूचा मित्र तो शिष्याचा मित्र झाला. आणि १९२१ मध्ये फॉर्स्टर काही महिने महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून देवासला येऊन राहिला. त्या वर्षी पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ ह्या १९२४ च्या कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरला आहे.

येथे मला थोडे आडवळणास जावेसे वाटते. ती कादंबरी फॉर्स्टरने ज्याला अर्पण केली, तो सय्यद रॉस मसूद हा त्याचा स्वतःचा विद्यार्थी होता. सर सय्यद अहमद खान ह्यांचा हा नातू १९०६ मध्ये इंग्लंडात होता आणि ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी त्याला लॅटिनची शिकवणी हवी होती. शिक्षक म्हणून आला फॉर्स्टर. लॅटिन किती झाले कोण जाणे! पण ह्या मुलाने आपल्याला आपल्या कोंडलेल्या जगातून बाहेर काढले, हिंदुस्थान दाखवला, असे फॉर्स्टर आयुष्यभर मानत राहिला. शिकवणीची फी कोणी कोणाला द्यावयास हवी होती असा प्रश्न पडतो. मसूद पुढे हैदराबादला शिक्षणखात्याचे प्रमुख झाले, अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, नंतर भोपाळला शिक्षणमंत्री झाले, आणि १९३७ मध्ये तेथेच वारले.

तर देवासला परत येऊ. शिक्षक आणि शिष्य ह्यांच्यामध्ये विश्वास कसा बसतो, ह्याचे जे उत्तर देवासातून मिळते ते फार साधे आहे. डार्लिंग ह्यांनी तुकोजीरावांना सुधारण्याची वस्तू मानले नाही. त्या तरुणाचा स्वभाव खेळकर, भाविक, चतुर, काहीसा लहरी होता. ईटनच्या साच्यात ओतून त्याला साहेब बनवण्याचा उद्योग त्यांनी केला नाही. उलट पंजाबच्या तीन वर्षांत न कळलेला हा देश त्यांना ह्या विद्यार्थ्याच्या संगतीत कळू लागला. पुढे ते पंजाबातल्या सहकारी पतपेढ्यांच्या कामात पडले आणि १९२५ साली कर्जात बुडालेल्या पंजाबी शेतकऱ्यावरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. घोड्यावरून गावोगाव हिंडायचे, खाटेवर शेतकऱ्याशेजारी बसायचे, त्याला प्रश्न विचारायचे आणि तो सांगतो ते टिपून घ्यायचे, ही त्यांची पद्धत होती. १९४६-४७ च्या हिवाळ्यात, फाळणी तोंडावर असताना, पासष्टी ओलांडलेला हा गृहस्थ पेशावरापासून जबलपुरापर्यंत घोड्यावरून गावकऱ्यांशी बोलत गेला. असे ऐकण्याची सवय त्यांना लाहोरच्या कचेरीत लागली नसावी. ती देवासात लागली असे माझे मत आहे.

परंतु ह्या मैत्रीच्या आत एक काटा होता, तो लपवून चालणार नाही. डार्लिंग हे राजाचे मित्र होते तसेच सरकारचे नोकर होते. शिष्याने मोकळेपणी जे सांगितले, त्यातले पोलिटिकल एजंटाच्या कानी किती घालावयाचे? हा प्रश्न फक्त १९०७ चा नाही. वर्गातला मुलगा तास संपल्यावर थांबतो, घरातली एखादी गोष्ट सांगतो, आणि शेवटी म्हणतो, “सर, हे कोणाला सांगू नका.” आम्हा कॅथलिकांमध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या ओठांवर मोहोर असते, काही झाले तरी ती फोडायची नाही. शिक्षकाला तशी मोहोर नाही. मुलाच्या जिवाला अपाय होत असेल तर त्याला बोलावेच लागते, आणि आजचा कायदाही तेच सांगतो. म्हणून मी तरी मुलाला आधीच सांगतो की, सगळेच गुप्त राखण्याचे वचन मी देत नाही, पण तुला न विचारता, तुझ्या पाठीमागे मी कोठे जाणार नाही. ह्या उत्तराने काही मुले गप्प होतात. बरीचशी बोलतात.

डार्लिंग ह्यांच्या कसोटीचा खरा काळ पुढे आला. तुकोजीरावांना १९१८ मध्ये महाराजा ही पदवी मिळाली, पण त्यांचे घर तोवर मोडले होते. कोल्हापूरच्या अक्कासाहेब माहेरी निघून गेल्या होत्या. १९१० मध्ये जन्मलेला पुत्र विक्रमसिंह देवासातच वाढत होता. खर्चाला धरबंध राहिला नव्हता. नवा राजवाडा अर्धा बांधून पडला होता, आणि फॉर्स्टरसारख्या भोळ्या चिटणिसाला तो हिशेब सुधारणे शक्य नव्हते. १९२७ च्या अखेरीस सतरा वर्षांचा युवराज देवासातून निघून गेला आणि इंग्रज प्रतिनिधीच्या आश्रयास गेला. पित्यापासून आपल्या जिवास धोका आहे अशी त्याची तक्रार होती. तिचे तथ्य काहीही असो. सतरा वर्षांच्या मुलाला बापापेक्षा परक्या सरकारी बंगल्यात अधिक सुरक्षित वाटले, एवढे तर खरेच. ज्या माणसाने आपल्या शिक्षकावर जन्मभर माया केली आणि ज्याच्या सहवासात परक्या देशाचे पाहुणे निर्धास्त होत, त्याला स्वतःच्या मुलाचा विश्वास मिळवता आला नाही. ही गोष्ट मला राहून राहून खटकते. वर्गात लाडका असलेला शिक्षक घरी आपल्या मुलांना परका असतो, असे चित्र आपणही पाहिले असेल. विश्वास हा स्वभावाचा गुण असता तर तो माणसाबरोबर सगळीकडे गेला असता; तो त्या त्या नात्यात रोज नव्याने मिळवावा लागतो असे दिसते.

१९३३ मध्ये संस्थानाचे दिवाळे वाजण्याची वेळ आली. सरकारने चौकशीचा लकडा लावला, तेव्हा महाराज दक्षिणेच्या यात्रेस म्हणून बाहेर पडले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. ते परतले नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये, विपन्नावस्थेत, तेथेच त्यांचा अंत झाला. रॉस मसूद त्याच वर्षी गेले होते. फॉर्स्टरच्या दृष्टीने त्याच्या हिंदुस्थानचे दोन्ही खांब एका वर्षात कोसळले.

आता विचारावयाचे ते हे, की डार्लिंग हे अयशस्वी शिक्षक ठरले काय? राज्यकारभार शिकवण्यासाठी ज्याची नेमणूक झाली, त्याच्या शिष्याने राज्य गमावले. सरकारी अहवालात ह्याला दुसरा शब्द नाही. इलियट व फ्रेझर ह्यांच्या शिष्यांशी तुलना केली तर देवासचे पारडे फारच हलके पडते. केवळ प्रेमाने शिष्याला जमाखर्च येत नाही, हे आपण मान्य करू. कदाचित एखादा कठोर मास्तर बरा, असेही कोणी म्हणेल. परंतु दुसरी बाजू अशी, की शिष्याची सगळीकडे नाचक्की झाली, वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली, तेव्हा त्याचा शिक्षक बाजूला सरला नाही. फॉर्स्टरने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. देवासच्या चामुंडेच्या टेकडीवरून त्याला ते नाव मिळाले. महाराजांचे दोष त्यात झाकलेले नाहीत, पण ते पुस्तक मित्राने मित्रासाठी लिहिले आहे. आणि स्वतः डार्लिंग ह्यांनी आपल्या नोकरीच्या पहिल्या चार वर्षांच्या आठवणी १९६६ मध्ये, पंचाऐंशी वर्षे पुरी झाल्यावर, पुस्तकरूपाने काढल्या. त्या १९०८ पर्यंतच येतात. एवढ्या दीर्घ आयुष्यात मोठमोठी पदे भूषवलेल्या, ‘सर’ ही पदवी मिळवलेल्या माणसाने वार्धक्यात लिहायला घेतले ते उमेदवारीच्या ह्या वर्षांविषयी. चांगल्या निकालाच्या शिष्याची आठवण सगळेच काढतात.

युवराज विक्रमसिंह पित्याच्या मागे देवासचे महाराज झाले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते, आणि १९४७ मध्ये आईच्या माहेरी, कोल्हापूरच्या गादीवर, शहाजी छत्रपती म्हणून दत्तक गेले. कोल्हापूरची जुनी मंडळी त्यांना त्याच नावाने ओळखतात. देवासची कथा तेथे फारशी कोणी काढत नाही.

देवासचे नाव त्यानंतर महाराष्ट्रात घेतले जाऊ लागले ते मात्र निराळ्याच कारणाने. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा सातव्या-आठव्या वर्षीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी, आणि त्याला कुमार गंधर्व हे नाव पडले. पुढे तो मुंबईस प्रा. बा. र. देवधर ह्यांच्या संगीतशाळेत आला. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गायनाच्या जगात त्या काळी शिष्याने दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकणेही गुरूला खपत नसे. मास्तरांची चीज चोरीला जाईल ही भीती. देवधरांनी आपल्या शाळेची दारे उघडी ठेवली. निरनिराळ्या घराण्यांचे गवई तेथे येत, गात, आणि ह्या मुलाने ते सगळे ऐकावे, त्यावर विचार करावा, वादही घालावा, ही मुभा होती. नक्कल करण्यात इतका तरबेज असलेल्या मुलाला स्वतःचा आवाज सापडावा असे वाटत असेल, तर त्याला एकाच गुरूची नक्कल करायला लावणे हा उपाय नव्हे, हे देवधरांनी ओळखले असावे. शिष्य आपल्याला सोडून जाईल ही धास्ती ज्याला नाही, त्यालाच हे जमते.

१९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन, कोरड्या हवेसाठी, देवासला आले. पुढची काही वर्षे गाणे बंद होते. त्यांच्या पत्नी भानुमती, ज्या देवधरांच्याच शाळेत शिकल्या होत्या, त्यांनी त्या काळात देवासात शिक्षिकेची नोकरी करून घर चालवले. १९६१ मध्ये त्या निवर्तल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानी माळव्यातल्या बायकांची लोकगीते पडत होती, आणि त्यांतून त्यांना नवे राग सुचले. म्हणजे तेथेही शिकणे चालूच होते, शिकवणाऱ्या बायकांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

बरे झाल्यावर ते देवास सोडून गेले नाहीत. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ हे त्यांचे घर उभे राहिले, आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत ते तेथे राहून शिकवीत राहिले. मुंबई-पुण्याची तरुण मुले आगगाडीने इंदूरला उतरून देवासला जात, त्या घरात राहत आणि शिकत. कुमारांचे शिष्य ऐकलेल्यांना ठाऊक आहे, की त्यांतला कोणीही दुसऱ्यासारखा गात नाही.